तीनशे शब्दांचा निबंध आणि एक जूनची जन्मतारीख

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात, कल्याणीनगरला, सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीनं मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याच दिवशी मुलाला जामीन मिळाला. जामिनाच्या अटींत एक अट होती, रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. दोन जीवांची किंमत तीनशे शब्द का, असं टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांनी विचारलं. राग रास्तच होता. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट कुणी कुणाला सांगितली नाही. निबंध ही शिक्षा नव्हती, ती जामिनाची अट होती. चौकशी तेव्हा सुरूही झालेली नव्हती.

बाल न्यायाचा हा कायदा रोज ज्या मुलांवर चालतो, ती पोर्शेतली नसतात. म्हणून आपण दुसरा एक मुलगा घेऊ. समजा, पंधरा वर्षांच्या एका पोरानं बसथांब्यावरच्या गर्दीत कुणाच्या तरी खिशातला मोबाइल उचलला आणि तो जागीच पकडला गेला. पुढे काय होतं?

पहिली अडचण शब्दाची. आपण त्याला ‘बालगुन्हेगार’ म्हणतो. कायद्यात तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आहे. शब्द जडजंबाल आहे, एका दमात म्हणताही येत नाही, पण त्यामागचं म्हणणं सरळ आहे: या मुलाचा कायद्याशी खटका उडालाय, एवढंच आज ठाऊक आहे. या खटक्यालाही खालची मर्यादा आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य भारतात गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात आपण काय केलं हे कळण्याइतकी समज मुलाला होती की नाही, ते पाहावं लागतं. अठरा पूर्ण होईपर्यंत बाकी सगळ्यांना २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो.

आपल्या पोराला ताब्यात घेतलं की त्याला विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. हा अधिकारी साध्या वेशात हवा. बेडी नाही, लॉकअप नाही. आईवडिलांना कळवायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. आणखी एक गोष्ट ऐकून बरेच जण चमकतात. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, म्हणजे या कायद्याच्या हिशेबात तो किरकोळ गुन्हा झाला. असल्या प्रकरणात एफआयआर नोंदवायचाच नसतो. स्टेशन डायरीत नोंद होते आणि सोबत मुलाच्या घरच्या परिस्थितीची माहिती जाते. एफआयआर होतो तो गुन्हा अतिगंभीर असेल किंवा मुलाच्या जोडीला कुणी सज्ञान असेल तेव्हा. गल्लीतल्या ‘भाई’नं पोराला पुढे केलेलं असतं आणि मग एफआयआरमध्ये दोघांची नावं शेजारी शेजारी येतात, ती अशी.

मंडळ म्हणजे कोर्ट नव्हे, आणि नियमांनी ते मुद्दाम तसं होऊ दिलेलं नाही. मंडळात तिघं असतात: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत निदान एक स्त्री. बैठक कोर्टाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात घ्यायची नाही, निरीक्षण गृहात किंवा त्याच्या जवळपास घ्यायची. पुण्यात त्यासाठी येरवड्याला जावं लागतं. सदस्यांनी उंच चौथऱ्यावर बसायचं नाही, आरोपीचा पिंजरा नाही, मुलाच्या आणि मंडळाच्या मध्ये गज किंवा कठडा नाही. आता डोळ्यापुढे आणा: एक टेबल, पलीकडे तीन माणसं, अलीकडे पोरगं आणि कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसलेली आई. सिनेमा पाहून कोर्टाची कल्पना केलेल्या माणसाला ही खोली शाळेच्या मुख्याध्यापकांच्या केबिनसारखी वाटेल.

पहिला प्रश्न जामिनाचा. मोठ्या माणसाच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र आहे का, हे आधी बघतात. इथे तो भेदच नाही. मुलाला सोडायचं, हाच नियम. सोडायचं नसेल तर कारणं तीनच: बाहेर गेला तर सराईत गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा सोडण्यानं न्यायाचा हेतूच हुकेल. शिवाय नाकारण्याचं कारण लेखी द्यावं लागतं. कल्याणीनगरच्या प्रकरणात लोकक्षोभानंतर मंडळानं त्या मुलाला निरीक्षण गृहात पाठवलं खरं, पण महिन्याभरानं, २५ जून २०२४ ला, मुंबई उच्च न्यायालयानं त्याला सोडायला सांगितलं. जामीन दिलेला आहे आणि तो कायम असताना मुलगा आत ठेवता येत नाही, असा त्याचा अर्थ. मला निबंधाची अट बालिश वाटली. जामीन मात्र कायद्याच्या ओळीतच बसत होता. आणि त्या प्रकरणात दारूच्या तपासणीसाठी घेतलेले रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून जी माणसं गजाआड गेली, ती सगळी सज्ञान होती, हेही जाता जाता लक्षात ठेवावं.

मग येतो या सगळ्या यंत्रणेचा कणा, परिवीक्षा अधिकारी. तो मुलाच्या घरी जातो. घरात खाणारी तोंडं किती, कमावतं कोण, बाप दारू पितो का, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का सुटली, पोरगं कुणाबरोबर हिंडतं, हे सगळं सामाजिक तपासणी अहवालात येतं. त्याला दोन आठवडे मिळतात. मोठ्यांच्या खटल्यात चोराची शाळा का सुटली हे सहसा कुणी विचारत नाही. इथे तोच प्रश्न आधी येतो, कारण मोबाइल कुणी उचलला यापेक्षा या पोराचं पुढे काय करायचं, हे मंडळाला ठरवायचं असतं. अहवाल ‘आई मोलकरीण, वडील नाहीत, मुलगा बरा’ अशा दोन ओळींत उरकला, तर तिघं सदस्य कितीही भले असले तरी त्यांच्यापुढे पोराचं घर नसतं, नुसता फॉर्म असतो.

चौकशी चार महिन्यांत संपवायची. फार तर दोन महिने वाढवून मिळतात, आणि किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही ती पुरी झाली नाही तर प्रकरण तिथेच संपतं. दोष ठरला तर मंडळ समज देऊन घरी पाठवतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगतं, पालकांना दंड करतं, देखरेखीखाली सोडतं. सर्वांत कडक उपाय म्हणजे विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. आपलं मोबाइलवालं पोरगं बहुधा पहिल्या दोन-तीन पर्यायांतच सुटतं.

पण आधी तो पंधराचाच आहे हे ठरायला हवं, आणि खरी मौज इथे आहे. वय धरायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं. पुराव्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. आता महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे, हे कुणाला सांगायला नको. जूनमध्ये शाळा उघडायची, वय भरल्याशिवाय पोरगं दाखल होत नसे, मग गुरुजी रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. ते अक्षर कधी काळी एखाद्याच्या शिक्षेचं माप होईल, असं त्या गुरुजींच्या मनातही आलं नसेल.

आणि झालं तसंच, फक्त रजिस्टर राजस्थानातलं होतं. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका घरातल्या सात जणांचे खून झाले. त्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या एकानं, पुष्कळ वर्षांनी, आपण तेव्हा अल्पवयीन होतो असा दावा केला. असा दावा निकाल अंतिम झाल्यावरही करता येतो. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या शाळेची नोंद खरी मानली. घटनेच्या वेळी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. तोवर तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, आणि त्याच्या वयाला कायद्यानं जास्तीत जास्त मुदत होती तीन वर्षांची. ज्या घरातली सात माणसं गेली, त्यांना हे वाचून काय वाटलं असेल, याचा विचार माझ्याही मनातून जात नाही.

वयाची रेषाही स्थिर राहिलेली नाही. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत ‘बाल’ होती. २००० मध्ये दोघांना अठरा झालं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारात एक आरोपी अल्पवयीन होता. त्याला कमाल तीन वर्षंच देता आली आणि तो डिसेंबर २०१५ मध्ये सुटला, त्याच आठवड्यात राज्यसभेनं आजचा कायदा मंजूर केला. या कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक फट ठेवली. गुन्हा अतिगंभीर असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं: कृत्य करण्याची शारीरिक आणि मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत ते घडलं. तसं वाटलं तर मुलगा बाल न्यायालयात जातो आणि तिथे त्याच्यावर सज्ञानासारखा खटला चालू शकतो. तरीही त्याला फाशी नाही, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही, आणि एकविसापर्यंत मोठ्यांच्या तुरुंगात ठेवता येत नाही.

‘किमान’ हा शब्द नीट वाचायचा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कमाल शिक्षा कितीही मोठी असली, पण किमान सात वर्षं सांगितलेली नसेल, तर गुन्हा अतिगंभीर वर्गात बसत नाही. कल्याणीनगरच्या मुलावर लावलेल्या सदोष मनुष्यवधाच्या तेव्हाच्या कलमात जन्मठेप होती, किमान शिक्षा मात्र नव्हती. त्याला सज्ञान समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

शेवटची पायरी कागदांची. अपिलाची मुदत संपली की मुलाच्या नोंदी नष्ट करायच्या असतात, सज्ञानासारखा खटला चाललेली प्रकरणं तेवढी सोडून. पुढे नोकरीसाठी किंवा निवडणुकीसाठी हा दोष त्याच्या आड येता कामा नये. त्याचं नाव, शाळा, पत्ता, फोटो छापणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर्तमानपत्रं हे बऱ्यापैकी पाळतात. सोसायटीचे आणि गावकीचे व्हॉट्सॲप ग्रुप पाळत नाहीत. कल्याणीनगरच्या मुलाचं नाव या लेखात नाही ते याच कलमामुळे. पुण्यात ते कुणाला ठाऊक नाही, असं नाही.