नोटबुक विकली, पण ती वापरतंय कोण? वापर मोजायचा, मजकूर वाचायचा नाही

मागच्या व्हिडिओत आपण ज्युपिटर नोटबुकमध्ये कापसाच्या हिशोबाचं छोटं साधन बनवलं. वजन टाका, ओलावा टाका, की क्विंटलमागे हातात किती पडणार ते समोर येतं. आता समजा झरी जामणी तालुक्यातल्या पाच-सहा शेतकरी उत्पादक कंपन्यांना तुम्ही हे साधन महिन्याच्या वर्गणीवर दिलं. पहिला महिना पैसे आले. दुसऱ्या महिन्यात दोघांनी बंद केलं. विचारलं तर उत्तर येतं, "चांगलं आहे हो, पण वेळ नाही मिळत." या उत्तरावर धंदा सुधारता येत नाही. ते नेमके कुठे अडले हे कळायला हवं.

यासाठी जे करतात त्याला टेलिमेट्री म्हणतात, म्हणजे दुरून मोजमाप. विजेचा मीटर किती युनिट जळाले ते सांगतो, घरात काय शिजलं ते सांगत नाही. आपल्याला तेवढंच हवंय.

आधी नोटबुकचा स्वभाव समजून घेऊ. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन सुरू केलं, त्यातूनच २०१४ मध्ये ज्युपिटर प्रकल्प निघाला. साध्या प्रोग्रॅमसारखी नोटबुक वरून खाली एका दमात चालत नाही. तिच्यात चौकटी असतात, त्यांना सेल म्हणतात. वापरणारा हवी ती चौकट हव्या त्या क्रमाने चालवू शकतो. पाचवी आधी, दुसरी नंतर, तिसरी कधीच नाही, असंही होतं. म्हणून "किती वेळा उघडली" या आकड्यातून फारसं काही कळत नाही. कुठली चौकट चालली, ती यशस्वी झाली का, नाही झाली तर कुठल्या प्रकारची चूक आली, हे बघावं लागतं.

सोय आयपायथनमध्येच आहे. प्रत्येक चौकट चालून झाली की 'पोस्ट रन सेल' नावाची घटना घडते. त्या घटनेला तुम्ही आपलं छोटं फंक्शन जोडू शकता. दहा-बारा ओळींत काम होतं. ते फंक्शन एका फाईलमध्ये एक ओळ लिहितं: वेळ, नोटबुकची आवृत्ती, चौकटीला तुम्ही दिलेलं नाव, किती सेकंद लागले, जमलं की नाही, आणि नसेल जमलं तर चुकीचा प्रकार. फाईल ग्राहकाच्याच कॉम्प्युटरवर राहते, नेट असेल तेव्हा पाठवायची. नेट गेलं म्हणून हिशोब थांबता कामा नये. मोजणीचं फंक्शन बिघडलं तरी गुपचूप बाजूला होईल, असंच लिहा.

आता चुकीच्या प्रकाराकडे या, कारण खरा माल इथेच आहे. 'नेमएरर' वारंवार दिसतोय? म्हणजे माणूस पहिली चौकट न चालवता थेट मधल्या चौकटीत घुसतोय. त्याला दोष देऊ नका, पहिल्या दोन चौकटी एकत्र करा. 'फाईल नॉट फाउंड' येतोय? फाईल कुठे ठेवायची ते तुम्ही नीट सांगितलेलं नाही. 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणजे बसवतानाच काहीतरी राहिलंय, एक चक्कर मारावी लागेल. आणि 'व्हॅल्यूएरर' म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काही लिहिलंय.

ओलाव्याचीच चौकट घ्या. भारतीय कपास निगम म्हणजे आपली सीसीआय हमीभावाने कापूस घेते तेव्हा ओलावा ८ टक्के धरते. त्यावर गेला तर भावात कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर खरेदीच नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, म्हणजे एक टक्का इकडे-तिकडे झाला तरी शेतकऱ्याला तो जाणवतो. या चौकटीत कोणी मराठीत "९" लिहिलं तर पायथन अडत नाही, देवनागरी आकडा त्याला कळतो (हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). पण "९ टक्के" लिहिलं की गाडी अडली. नोंदीत या चौकटीपुढे सारखा व्हॅल्यूएरर दिसला, तर "टक्के" शब्द आपोआप काढून टाकणारी एक ओळ तुम्ही वाढवाल आणि ग्राहक टिकेल. मोजणीचा खर्च इथेच वसूल होतो.

पण याच जागी मोठा धोकाही आहे. चुकीचा प्रकार वेगळा आणि चुकीचा पूर्ण संदेश वेगळा. व्हॅल्यूएररच्या संदेशात पायथन वापरणाऱ्याने टाकलेला मजकूर जसाच्या तसा छापतो. कोणी वजनाच्या रकान्यात चुकून शेतकऱ्याचं नाव नि मोबाईल नंबर टाकला, आणि तुम्ही पूर्ण संदेश नोंदवत असाल, तर ते नाव, तो नंबर थेट तुमच्याकडे आला. फाईल न सापडल्याच्या संदेशात फाईलचा दिलेला पत्ता येतो, तो पूर्ण असेल तर त्यात बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या मालकाचं नाव असतं. म्हणून फक्त प्रकार घ्या. संदेश नको, चौकटीतला मजकूर नको, उत्तर नको, फाईलचं नावही नको. "पुढे कधीतरी कामाला येईल" म्हणून काहीच गोळा करू नका. ज्या नोंदीवरून तुम्ही काही बदलणार नाही, ती नोंद म्हणजे नुसती जोखीम.

एक लक्षात असू द्या: आयपायथन स्वतःही चालवलेल्या प्रत्येक ओळीचा इतिहास त्याच कॉम्प्युटरवर एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतं. तो बाहेर कुठे जात नाही. मदतीला म्हणून कोणाचा कॉम्प्युटर दुकानात आणलात, तर त्या इतिहासाला हात लावू नका.

परवानगीचं काय? मोठ्यांनी दोन्ही मार्ग वापरलेत. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट इंटरॅक्टिव्हमध्ये मोजणी आधीपासून चालू असायची, नको असेल त्याने बंद करायची. ज्युपिटरवाल्यांचा कल उलटा. ज्युपिटरलॅबची नवी आवृत्ती साध्या बातम्या आणायच्या तरी आधी विचारते. घटना नोंदवण्यासाठी त्यांची 'ज्युपिटर इव्हेंट्स' ही वेगळी लायब्ररी आहे. तिच्यात कुठल्या घटनेत कोणते रकाने असणार याचा आराखडा आधी जाहीर करावा लागतो, त्याशिवाय नोंद होत नाही. माझं मत विचाराल तर दुसरा मार्गच घ्या. तालुक्याच्या बाजारात एकदा "हा आपला माल चोरून बघतो" असं नाव पडलं की ते पुसायला वर्षं जातात.

कायदाही त्याच बाजूला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. संमती स्पष्ट हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. माहितीची सुरक्षा ढिली ठेवली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या धंद्याला एवढा दंड बसेल असं नाही, पण कायदा कशाला किती गंभीर मानतो ते यातून कळतं. कंपनीचा कॉम्प्युटर घरचा बारावीतला मुलगा हाताळत असेल तर तेही विचारून घ्या. १८ वर्षांखालच्यांचे नियम जास्त कडक आहेत, तिथे मोजणी बंदच ठेवा.

"तुमची ओळख गुप्त राहील" असं मात्र लिहून देऊ नका. नावाऐवजी क्रमांक ठेवलात तरी ग्राहक सहाच आहेत. सोमवारी रात्री नऊला कोण हिशोब करतं हे तुम्हाला क्रमांक बघूनही कळणार. त्यापेक्षा सरळ सांगा: "तुम्ही कुठे अडलात ते मला कळेल, काय लिहिलंत ते कळणार नाही. नव्वद दिवसांनी नोंद पुसतो."

कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत मिळण्याची सोय आहे, त्यात मराठी आणि तेलुगू दोन्ही आहेत. कोलामी त्यात नाही. आपल्या तालुक्यात कोलाम समाज मोठा आहे, तेव्हा जिथे गरज असेल तिथे त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस सोबत न्या, ती नोंदीची फाईल त्यांच्यासमोर उघडा, एकेक रकाना वाचून दाखवा आणि मगच चालू करा. बंद करायचं बटण पहिल्याच चौकटीत ठेवा.

पुढच्या व्हिडिओत हीच फाईल एक्सेलमध्ये उघडून आठवड्याचा तक्ता कसा करायचा ते बघू. येताना तुमच्या नोटबुकमधल्या चौकटींना नावं देऊन ठेवा, नाहीतर तक्त्यात नुसते आकडे दिसतील.