अंगणांतील शेगडीकरितां लांकडी कोळशाची पारख

ज्वारी विकत घेतांना शेतकरी पोत्यावरील शिक्का पाहत नाहीं. मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर घालून कोंडा उडवितो, एखादा दाणा दांताखालीं फोडून ओल पाहतो, आणि मगच भाव करतो. लांकडी कोळशाच्या बाबतींत मात्र ही चौकस दृष्टि आपण बाजूस ठेवतों आणि पिशवीवरील नांव व चित्र पाहून पैसे मोजतों. वास्तविक कोळशाची पारखही दाण्याप्रमाणेंच घरच्या घरीं करतां येते. ती कशी करावी हें सांगण्याकरितां हा लेख आहे.

सेलू तालुक्यांतील हिंगणी हें बोर धरणाच्या शेजारचें व वनाच्या कडेचें गांव. बोरचें वन १९७० सालीं अभयारण्य झालें आणि २०१४ सालीं त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेव्हांपासून ह्या वाटेनें येणारे पाहुणे वाढले. निखाऱ्यावर भाजून खाण्याची आवड इकडे जुनीच आहे. भरिताच्या वांग्यांस तुराट्यांचा जाळ आणि हुरड्यास गोवऱ्यांची आगटी हीं इंधनें ज्याच्या त्याच्या जागीं योग्यच होत. परंतु अंगणांत लोखंडी शेगडीवर जाळी ठेवून कणसें, मासळी किंवा कोंबडी सावकाश भाजावयाची असेल, तर एकसारखी व बिनधुराची आंच लागते, आणि ती लांकडी कोळसाच देऊं शकतो. बाजारांत आज अनेक नांवांच्या पिशव्या मिळतात. त्यांतली कोणती चांगली, असें विचारण्यापूर्वीं कोळसा चांगला कशानें होतो हें पाहिलें पाहिजे.

कोळसा कसा होतो.— लांकूड मोकळ्या हवेंत जाळलें तर राख उरते. हवा बेताची ठेवून तापविलें तर कोळसा उरतो. प्रथम लांकडांतील पाणी वाफ होऊन जातें. उष्णता सुमारें २८० अंशांच्या पुढें गेली म्हणजे लांकूड आपण होऊन फुटूं लागतें, आणि त्यांतील धूर, आम्लें व डांबर बाहेर पडतात. मागें राहतो तो मुख्यतः कार्बन. भट्टी किती तापली ह्यावर मालाची प्रत ठरते. ३०० अंशांवर पाडलेल्या कोळशांत स्थिर कार्बन शेंकडा ६८ च्या आसपास असतो व उडून जाणारीं द्रव्यें शेंकडा ३१. ५०० अंशांवर हेंच प्रमाण अनुक्रमें ८६ व १३ असें होतें. पण पहिल्या रीतीनें शंभर किलो पूर्ण सुक्या लांकडापासून सुमारें ४२ किलो माल निघतो, तर दुसरीनें ३३ किलोच. म्हणजे भट्टी लौकर मोडणाऱ्याच्या कांट्यावर वजन अधिक पडतें, आणि राहिलेला धूर मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जातो. पोत्यावरील नांव ही गोष्ट कधीं सांगत नाहीं.

लांकडाची जात.— जड व घट्ट लांकडाचा कोळसा जड होतो आणि पुष्कळ वेळ टिकतो. हलक्या लांकडाचा लौकर पेटतो व लौकर विझतो. ह्या एका नियमावरून बहुतेक निवाडा होतो. आपल्याकडील झाडांपैकीं बाभूळ, खैर, धावडा व चिंच ह्यांचा कोळसा पहिल्या प्रतीचा होय. साग मध्यम. सालई, पळस व पांगारा ह्यांचा कोळसा हलका; चहाचें आधण ठेवण्यास पुरेल, पण तासभर आंच धरणार नाहीं. तुराट्यांचा कोळसा तर इतका हलका व चटकन पेटणारा कीं पूर्वीं तो बंदुकीच्या दारूकरितां वापरीत. भाजण्याच्या शेगडीस त्याचा उपयोग नाहीं. नारळाच्या करवंटीचा कोळसा कडक आंच देतो, परंतु त्याचे तुकडे पातळ असल्यामुळें शेगडींत दाटून बसतात व खालून हवा खेळत नाहीं. तो एकट्यानें न वापरतां इतरांत मिसळावा हें बरें.

बाजारांतील पुष्कळसा कोळसा वेड्या बाभळीचा असतो, आणि तो तामिळनाडूच्या दक्षिण भागांतून व कच्छमधून येतो. हें झाड मूळचें अमेरिकेंतलें. हिंदुस्थानांत तें १८७७ च्या सुमारास आणलें गेलें. अमेरिकेंत मांस भाजण्याकरितां नांवाजलेलें ‘मेस्कीट’ हें ह्याच्याच गोतांतलें झाड. तेव्हां परदेशी नांव छापलेली महाग पिशवी आणि गोणपाटांत भरलेला वेड्या बाभळीचा साधा कोळसा ह्यांत लांकडाच्या दृष्टीनें फारसें अंतर नाहीं. अमुक लांकडाचा कोळसा घेतल्यास पदार्थास त्या लांकडाचा सुवास येतो, ही समजूतही फारशी खरी नाहीं. सुवास देणारीं द्रव्यें भट्टींतच उडून गेलेलीं असतात. निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थास जी चव येते ती मुख्यतः त्यांतून गळणारी चरबी व रस निखाऱ्यावर पडून उठणाऱ्या धुराची असते.

दाबून केलेल्या कोळशाच्या वड्याही मिळतात. त्या एकसारख्या आकाराच्या असल्यामुळें आंच सारखी राहते. परंतु चुरा बांधण्यास खळ वगैरे घालावी लागते, म्हणून राख अधिक पडते. युरोपांतील मानकांत हा फरक स्पष्ट दिसतो. भाजण्याच्या अखंड कोळशांत स्थिर कार्बन किमान शेंकडा ७५ व राख फार तर शेंकडा ८ असावी असें तें सांगतें. वड्यांकरितां हीच मर्यादा अनुक्रमें ६० व १८ अशी ठेविली आहे.

घरच्या कसोट्या.— दुकानांत पिशवी उघडून पाहतां आली तर पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली कसोटी आवाजाची. दोन तुकडे एकमेकांवर आपटावे. पक्का कोळसा खणखणतो, कच्चा ठप्प वाजतो. जपानांत किशू भागांत एका जातीच्या ओकपासून ‘बिन्चोतान’ नांवाचा कोळसा करतात. त्याची भट्टी शेवटीं एक हजार अंशांच्या वर नेतात, आणि तो धातूसारखा वाजतो. आपणांस तितक्याची गरज नाहीं, पण कानानें प्रत ओळखण्याची रीत तीच.

दुसरी कसोटी भंगाची. तुकडा मोडून पाहावा. आंत काळा, चकचकीत व लांकडाच्या रेषा दिसणारा असेल तर माल चांगला. आंत तांबूस पट्टा दिसला तर तें अर्धकच्चें लांकूड समजावें. तें धूर करणारच. रंगाचे पोपडे, खिळे किंवा फळ्यांचे सरळ कापलेले तुकडे दिसले तर तो माल मुळींच घेऊं नये. रंग दिलेल्या व औषध मारलेल्या लांकडाच्या धुरावर अन्न भाजणें हें विष शिजविण्यासारखें आहे.

तिसरी कसोटी आकाराची. दोन ते आठ सेंटिमीटरांचे, म्हणजे लिंबाएवढ्यापासून लहान मुठीएवढे तुकडे शेगडीस योग्य. चुरा हवा कोंडतो, आणि पोत्याच्या तळाशीं तोच बसलेला असतो.

चौथी कसोटी ओलीची. भट्टींतून नुकताच काढलेला कोळसा जवळजवळ कोरडा असतो. पुढें हवेंतील ओल शोषून तो शेंकडा पांच ते दहापर्यंत जड होतो. पावसाळ्यांत उघड्यावर राहिलेला माल ह्याहूनही जड भरतो, आणि आपण पाण्यास कोळशाचा भाव देतों.

ह्या सगळ्याचा हिशेब सोपा आहे. समजा, दहा किलोची एक पिशवी ५०० रुपयांस मिळाली व तींत दीड किलो चुरा आणि एक किलो ओल निघाली. उपयोगी माल साडेसात किलो, म्हणजे किलोस सुमारें ६७ रुपये पडले. दुसरी पिशवी ५८५ रुपयांची, पण तींत चुरा व ओल मिळून एकच किलो; तेव्हां किलोस ६५ रुपये. दिसण्यांत महाग ती वापरण्यांत स्वस्त ठरली.

शेवटची कसोटी शेगडीची. दोन जातींचा एक एक किलो कोळसा चाळून घ्यावा व एकाच शेगडींत, सारख्याच निखाऱ्यांनीं, निरनिराळ्या वेळीं पेटवावा. तीन गोष्टी टिपून ठेवाव्या: धूर संपून वर पांढरी राख धरण्यास किती वेळ लागला, त्यानंतर आंच किती वेळ टिकली, आणि शेवटीं राख किती ग्रॅम उरली. किलोमागें तीसचाळीस ग्रॅम राख म्हणजे उत्तम माल. ऐंशी ग्रॅमांच्या वर गेल्यास माती, साल किंवा भेसळ आहे असें समजावें. चार शेजाऱ्यांनीं मिळून ही तुलना एकदां केली तर वर्षभराच्या खरेदीस दिशा मिळेल.

धुऱ्यावरील बाभूळ.— आमच्या मतें हिंगणीच्या शेतकऱ्यानें दूरचें पोतें विकत घेण्यापूर्वीं आपला धुरा पाहावा. ज्याच्या धुऱ्यावर किंवा नाल्याच्या कांठीं बाभूळ उभी आहे त्याच्या हातीं उत्तम कोळशाचें लांकूड आहे. झाड बुडापासून न तोडतां फांद्या आळीपाळीनें छाटाव्या, साल काढावी, व लांकूड दोनतीन महिने सुकूं द्यावें. तळाशीं छिद्रें पाडलेलें जुनें दोनशे लिटरचें, तेल किंवा औषध न भरलेलें पिंप घरगुती भट्टीस पुरतें. दाट पांढरा धूर विरळ होऊन निळसर झाला म्हणजे झांकण व छिद्रें मातीनें लिंपून रात्रभर निवूं द्यावें. मातीच्या साध्या भट्टींत शंभर किलो लांकडापासून बहुधा पंधरावीस किलोच कोळसा हातीं येतो. पिंपांत हवेवर ताबा राहिल्यास त्याहून अधिक मिळतो. पऱ्हाटीचा कोळसा हलका व चुरा होणारा असल्यामुळें तो जाळीखालीं टिकत नाहीं. तिच्या कांड्या व वड्या करणें बरें. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनें पऱ्हाटीचे ढीग पुढील हंगामापर्यंत बांधावर ठेवूं नयेत, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

दोन सूचना कायद्याच्या. १९२७ च्या भारतीय वन कायद्यांत लांकडी कोळसा हा वनोपज मानला आहे, मग तो वनांतून आणलेला असो वा नसो. आणि राखीव वनांत कोळसा पाडणें हा गुन्हा आहे. तसेंच साग, खैर, चिंच, ऐन, तिवस इत्यादि झाडें स्वतःच्या शेतांतलीं असलीं तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. घरच्यापुरता कोळसा निराळा. विकण्याकरितां गाडी भरावयाची असेल तर आधीं वनपरिक्षेत्र कार्यालयांत विचारून घ्यावें.

इंधनाचा विचार वर्धा जिल्ह्यास नवा नाहीं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्यास मगनवाडींत होतें, आणि त्याचे चालक जे. सी. कुमारप्पा ह्यांनीं साठा उपसून चालणारें अर्थशास्त्र व दरसाल वाढणाऱ्या प्रवाहावर चालणारें अर्थशास्त्र असा भेद लोकांपुढें मांडला. छाटलेल्या बाभळीस पुढल्या पावसांत पुन्हां धुमारे फुटतात; तो प्रवाह होय. बोरच्या वनांतून चोरून आणलेला धावडा हा साठा होय, आणि तो एकदां संपला म्हणजे त्याबरोबर नाल्याचें पाणीही आटतें.

सावधगिरी.— नुकताच पाडलेला कोळसा हवेंतील प्राणवायु शोषतांना तापतो आणि कधीं कधीं आपोआप पेट घेतो. म्हणून तो निदान चोवीस तास उघड्यावर पसरून मगच पोत्यांत भरावा, आणि ज्या खोलींत कापूस भरला आहे तेथें तो कधींही ठेवूं नये. शेगडी पेटवितांना रॉकेल किंवा पेट्रोल ओतूं नये. कागद, नारळाची शेंडी किंवा तुराटीच्या काड्या पुरतात.

सर्वांत मोठा धोका मात्र धूर नसलेल्या निखाऱ्याचा. लांकडी कोळसा जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो; त्यास रंग नाहीं व वासही नाहीं. उघड्या अंगणांत तो उडून जातो, परंतु पौषांतल्या थंडींत उरलेले निखारे घमेल्यांत घेऊन दारें लावलेल्या खोलींत निजणाऱ्यांस झोंपेंतच मृत्यु गांठतो. डोकें जड होणें, मळमळ व ग्लानि हीं त्याचीं लक्षणें होत. तीं दिसतांच माणसास ताबडतोब मोकळ्या हवेंत आणून दवाखान्यांत न्यावें. कोळसा जितका उत्तम तितका त्याचा धूर कमी, आणि तितकाच हा वायु फसवा. म्हणून चांगल्या कोळशाविषयीं ही सूचना अधिकच लक्षांत ठेवावी. भाजणें संपलें कीं निखारे पत्र्याच्या झांकणाखालीं कोंडून विझवावे. दुसऱ्या दिवशीं तेच पुन्हां पेटतात, आणि चौथाई कोळसा वांचतो तो निराळाच.

चाळून निघालेला चुरा फेंकूं नये. शेणखताच्या खड्ड्यांत मिसळावा. राख मात्र बेतानेंच घालावी. आमच्या काळ्या जमिनींत चुना आधींच पुष्कळ असतो. येत्या हुरड्याच्या दिवसांत वाचकांनीं वरील कसोट्या एकदां लावून पाहाव्या व आपल्या शेगडीचे आंकडे आम्हांस अवश्य कळवावे.