मेल्यावरही बी राखणारं रोप

वाळक्या काटक्यांचा आवळलेला गोळा पाण्यात टाकला की काही तासांत उलगडतो. ऑनलाइन दुकानं तो ‘मरियम फूल’ म्हणून विकतात आणि ‘पुन्हा जिवंत होतं’ असं बेधडक छापतात. त्याच्या पाण्याने बाळंतपण सोपं होतं, या दाव्याला भक्कम वैद्यकीय आधार नाही. आणि ते फूलही नव्हे. सहारा, अरबस्तान, मृत समुद्राचा परिसर इथे उगवणाऱ्या, मोहरीच्या कुळातल्या एका वर्षायू रोपाचा तो सांगाडा. लिनियसने १७५३ मध्ये त्याला अनास्टॅटिका म्हटलं. याची खरी फुलं पांढरी, चार पाकळ्यांची आणि इवलीशी. (मेक्सिकोची सेलाजिनेला ही वेगळी वनस्पती कधीकधी याच्या जागी खपवली जाते. ती मात्र खरोखर हिरवी होते.) अनास्टॅटिकाच्या फांदीच्या दोन बाजूंचं लाकूड पाण्याने सारखं फुगत नाही, म्हणून ओली फांदी बाहेर वळते आणि वाळली की आत. सगळं मेलेल्या पेशींचं काम.

मग यात नवल ते काय? नवल उलगडण्यात नाही, बी रोखून धरण्यात आहे. मिटलेल्या फांद्यांत फळं वर्षानुवर्षं सुरक्षित राहतात. पाऊस आला की थेंबांच्या माऱ्याने त्यातलं थोडंच बी सुटतं, बाकीचं पुढच्या पावसासाठी. हा गोळा वाऱ्यावर लोळत बी पेरतो, ही कथा ऐकायला छान आहे. पण फ्रीडमन आणि स्टाइन या संशोधकांनी नेगेव वाळवंटातला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बी मुख्यतः आईच्या आसपासच पडताना दिसलं. वाळवंटात हे शहाणपणाचंच, कारण त्या जागी एक पिढी जगून गेलेली असते.

पहिल्या सरीला भुलून दुबार पेरणीची पाळी आलेल्या धुळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब लगेच कळेल. पण त्याने या रोपाकडून शिकावं असं म्हणणं अन्यायाचं होईल: रोपाला दोन-चार कोरडी वर्षं थांबता येतं, कर्जाला थांबता येत नाही.

या बियांची आणखी एक युक्ती धुळ्यातल्या देवपूरच्या किराणा दुकानातही सापडेल. भिजल्यावर त्यांच्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि बी मातीला चिकटतं. त्याच कुळातले हळीव भिजत घातले की वाटीत जो चिकट गर दिसतो, तो हाच प्रकार.