फुकट पुस्तक आणि खुले पुस्तक

प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशन संस्थेने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केले. तिथल्या मराठी बालकथा मोबाइलवर फुकट वाचता येतात.

बहुतेक कथांना ‘सीसी बाय ४.०’ हा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असतो. जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत एखाद्या गुरुजींनी गोष्ट उतरवून घेतली, गावच्या बोलीत आणली, अगदी छापून विकली, तरी वेगळी परवानगी लागत नाही.

मात्र लेखक, चित्रकार आणि परवान्याचा उल्लेख हवाच. बदल केला तर तेही सांगायचे. ही श्रेयनामावली पुस्तकाच्या शेवटी तयार असते. कागद वाचवायला नेमके तेच पान गाळू नये!

ई साहित्य प्रतिष्ठानची मराठी ई-पुस्तकेही विनामूल्य आहेत, पण हक्क राखीव. वाचून खुशाल पुढे पाठवावीत; छापण्याआधी विचारावे.