पहार आपटून पायाची ताकद कळते का?

मे महिन्यात धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी परिसरात काळ्या रानात पहार मारली तर ती उसळून परत येते. म्हणून ‘जमीन दगडासारखी आहे, बिनधास्त बांधा’ असा सल्ला मिळतो. हा गैरसमज घराला महागात पडतो. ती ताकद मातीची नसून कोरडेपणाची असते. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगतं आणि सुकलं की आक्रसतं. भिजलेली हीच माती पायाखालून सरकू शकते.

भाराखाली माती चिरडते, ही समजूतही चुकीची. तिचा एक भाग दुसऱ्यावरून घसरतो. या घसरण्याला माती जो विरोध करते ते तिचं कर्तनबल, म्हणजे शिअर स्ट्रेंग्थ. फ्रेंच अभियंता कुलोम यानं १७७३ मध्येच सांगितलं, की हा विरोध दोन गोष्टींतून येतो: मातीचा चिकटपणा आणि कणांचं घर्षण. घर्षण वरच्या भारासोबत वाढतं. त्यामुळे मातीच्या ताकदीचा एकच ठरीव आकडा नसतो.

प्रयोगशाळेत ६० मिलिमीटर चौरस पेटीत नमुना ठेवतात. पेटी मधोमध आडवी दुभागलेली असते. वरून भार देऊन एक अर्धा भाग ढकलतात आणि माती किती जोराला सुटते ते मोजतात. वेगवेगळ्या भारांखाली हे किमान तीनदा केलं, की आलेखावरून चिकटपणा आणि घर्षण दाखवणारा घर्षणकोन मिळतो. काळ्या मातीसाठी नमुना भिजवून तपासणं महत्त्वाचं. कोरड्या नमुन्याचा अहवाल पावसाळ्यात कामाला येत नाही.

‘भिंत जाड म्हणजे मजबूत’ हेही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागातल्या भूकंपात जाडजूड दगडी भिंतींची घरं कोसळून हजारो माणसं गेली. दगड भक्कम होते, पण त्यांच्यामधल्या मातीच्या गाऱ्याला पकड नव्हती. आडवा हादरा बसताच भिंतीचे दोन पदर सुटले आणि माळवदाचं ओझं खाली आलं.

आणि बीममधल्या रिंगा? त्या फक्त सळ्या जागेवर धरायला असतात, असं मानून अंतर वाढवलं जातं. प्रत्यक्षात कॉलमजवळ पडणारी तिरपी चीर त्याच अडवतात. काँक्रीटचा क्यूब दाबून घेतलेली चाचणी रिंगांची ही उणीव दाखवत नाही.

घर बांधणार असाल तर भिजवलेल्या मातीचा अहवाल मागा आणि आराखड्यातल्या रिंगा स्लॅब ओतण्याआधी स्वतः मोजा.