मोठेपणी फ्रेंच शिकताना

मागच्या व्याख्यानानंतर इथं उस्मानपुऱ्यातल्याच एका श्रोत्यांनी विचारलं, मोठेपणी परकी भाषा एवढी जड का जाते? स्मरणशक्ती कमी होते म्हणून? आमचं उत्तर वेगळं आहे, आणि ते आम्ही तोंडघशी पडून मिळवलंय.

पन्नाशीच्या अलीकडे आम्ही वर्षभर पॅरिसला होतो. देकार्तचा १६३७ सालचा ग्रंथ आम्ही मूळ फ्रेंचमधून वाचलेला. लॅटिन बाजूला ठेवून लोकभाषेत लिहिलेला तो ग्रंथ. (नेवाशाला ज्ञानेश्वरांनी हेच १२९० मध्ये केलं होतं, पण ते असो.) एवढ्या शिदोरीवर पहिल्या सकाळी पाव घ्यायला गेलो. दुकानातल्या बाईंनी किंमत सांगितली, आणि ती काही केल्या कळेना. तिकडे नव्व्याण्णव म्हणायचं तर ‘चार वीस दहा नऊ’ म्हणतात. आपल्याकडेही जुनी माणसं ‘चार विसा’ मोजत, पण काउंटरपाशी ते आठवतंय कुणाला! शेवटी तळहातावर नाणी पसरून उभे राहिलो. बाईंनी त्यांतली हवी ती उचलली.

लिंगाचंही तसंच. आपण मराठी माणसं तीन लिंगं सांभाळतो, तिथं दोनच. तरी आपलं ‘ते टेबल’ तिकडे ‘ती’ होतं आणि ‘ते पुस्तक’ ‘तो’. शब्दाच्या शेवटची अक्षरं तर बहुधा लिहायची, उच्चारायची नाहीत. पण हे सगळं पाठ करता येतं, बरं का. खरी अडचण ती नव्हे.

लहान मूल बोबडं बोलतं तेव्हा त्याचा विचारही तेवढाच असतो. प्रौढाचा विचार चाळीस वर्षं पुढं गेलेला असतो आणि जीभ मात्र दोन वर्षांची. एका चर्चासत्रात कुणी देकार्तबद्दल चुकीचं बोललं. उत्तर आमच्याकडे होतं. क्रियापद जुळवेपर्यंत विषय पुढं गेला. नंतर एका तरुणानं आम्हाला तोच मुद्दा सावकाश, मोठ्या आवाजात समजावला. आम्ही ‘हो, हो’ म्हणालो. मग पंधरा दिवस तोंडच उघडलं नाही, आणि न बोलल्यामुळं भाषा आणखी मागं पडली. मोठी माणसं अडकतात ती इथं.

त्या दिवसांत बाबासाहेब आठवले. ज्यांनी आपल्या गावात १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं केलं, ते १९१३ मध्ये बाविसाव्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांच्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचे २९, तत्त्वज्ञानाचे ५, आणि एक प्राथमिक फ्रेंचचा. प्राथमिक! शाळेत संस्कृत नाकारलं गेलं म्हणून फारसी शिकलेला हा माणूस परदेशात पुन्हा पहिल्या धड्यापाशी बसला.

आणखी एक जण आठवला. आमच्या इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गात मागच्या बाकावर एका खेड्यातला मुलगा बसायचा. प्रश्न विचारला की उभा राहायचा, ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. आम्ही ‘अभ्यास नाही’ म्हणून त्याला खाली बसवायचो. वर्षभर बसवलं.

परत आल्यावर वर्गात सांगितलं, उत्तर आधी मराठीत द्या, इंग्रजी शब्द मागून शोधू. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकांवरून हात वर आले. तो मुलगा मात्र तोवर कॉलेज सोडून गेला होता.