विझलेल्या ताऱ्याचा हिशेब

नागपूर-अमरावती मार्गावरील कारंजा (घाडगे) येथे उन्हाळ्यातील एखाद्या निरभ्र रात्री गच्चीवरून उत्तरेकडे पाहिले, तर सप्तर्षी ठळक दिसतात. त्याच तारकासमूहात सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे अंतरावर ‘एम ८१’ ही दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. २८ मार्च १९९३ रोजी स्पेनमधील हौशी आकाशनिरीक्षक फ्रान्सिस्को गार्सिया डियाझ यांना तिच्यात एक नवा तेजस्वी बिंदू आढळला. तो एका ताऱ्याचा अंतिम स्फोट होता. त्या अतिनवताऱ्याला ‘एसएन १९९३जे’ हे नाव मिळाले.

हरवलेला हायड्रोजन

महाकाय ताऱ्याच्या गाभ्यातील इंधन संपले, की गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो आणि बाहेरचे थर प्रचंड वेगाने फेकले जातात. या ताऱ्याचे वर्तन मात्र निराळे होते. आरंभी त्याच्या प्रकाशात हायड्रोजनच्या खुणा होत्या. काही आठवड्यांत त्या फिक्या पडून हेलियमच्या खुणा पुढे आल्या. म्हणजेच अंतसमयी त्याच्यापाशी हायड्रोजनचे पातळ आवरणच उरले होते. बाकीचा हायड्रोजन गेला कोठे?

उशिराच्या निरीक्षणांचे मोल

असा तारा स्फोटापूर्वी हजारो वर्षे वायू बाहेर टाकत असतो. तो वायू सेकंदाला सुमारे १० किलोमीटर इतक्या संथ गतीने पसरतो. स्फोटाची लाट त्याच्या हजारपट वेगाने त्याला गाठते. त्या धडकेतून रेडिओ लहरी निघतात. म्हणून स्फोटानंतरच्या एका वर्षाच्या निरीक्षणातून ताऱ्याच्या पूर्वायुष्यातील सुमारे हजार वर्षांचा वृत्तांत वाचता येतो.

हे काम महाराष्ट्रातही झाले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण आहे. स्फोटानंतर सुमारे ३२०० दिवसांनी पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी तिच्यावरील नोंदी अमेरिकेतील रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींशी जुळवल्या. त्यावरून लाटेतील वेगवान इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा कशी गमावतात हे दिसले आणि तेथील चुंबकीय क्षेत्राचे बळ मोजता आले. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

भागीदार सापडला

त्याच वर्षी दुसरी उकल झाली. स्फोटाची चमक ओसरल्यावर हबल आणि केक दुर्बिणींच्या निरीक्षणांत त्याच जागी एका तप्त, महाकाय ताऱ्याच्या खुणा मिळाल्या. तो मृत ताऱ्याचा जोडीदार होता. जवळ फिरणाऱ्या या सोबत्याने त्याचे बाह्य आवरण ओढून घेतले होते. एकाच्या खात्यातील घट बव्हंशी दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली होती. स्फोट वेगळा का दिसला, याचे कारण या भागीदारीत होते.

पहिल्या दिवसांच्या झगमगाटात हा जोडीदार कोणालाच दिसला नव्हता. जमाखर्च जुळण्यास अकरा वर्षांची चिकाटी लागली. आपल्या हाडांतील कॅल्शियम आणि रक्तातील लोह अशाच प्राचीन स्फोटांतून विश्वात विखुरले गेले. त्यामुळे सप्तर्षींकडे पाहताना हा दूरचा हिशेब परका वाटण्याचे कारण नाही.